पद्माकररावांचा चहा आणि ओहायोची टीम

"तुम्ही चहा सोडलाय," सुहासिनीबाईंनी जाहीर केलं.

इंग्लंडातल्या लीड्सच्या इस्पितळात हाडं जोडणारे डॉक्टर पद्माकरराव त्या वेळी घरी बायकोच्या हातच्या चहाचीच वाट बघत बसले होते. "मी? कधी?"

"आत्ताच. गणपतीला बोलले मी. श्रीकांतची टीम एक तरी मॅच जिंकेपर्यंत."

श्रीकांत म्हणजे सुहासिनीबाईंच्या ताईचा मुलगा. १९७४ सालच्या त्या सीझनला तो ओहायोतल्या एका चिमुकल्या कॉलेजकडून अमेरिकन फुटबॉल खेळत होता, तोही अगदी खालच्या डिव्हिजनमध्ये. टीमने सुरुवातीपासून हरण्याचा सपाटा लावला होता.

"अगं, मग तू सोड ना चहा!"

"माझं डोकं दुखतं."

दर रविवारी ताईंचा फोन यायचा आणि सुहासिनीबाईंचा चेहरा पडायचा. एकदा तर बॉल हातात आलेला गडी उलट्याच दिशेने पळत सुटला. घरी पद्माकरराव गरम पाणी फुंकून प्यायचे. इस्पितळाच्या कॅन्टीनमध्ये मात्र बिनबोभाट दोन कप रिचवायचे. घरातल्या नवसाची हद्द घरापुरतीच, अशी त्यांनी आपली समजूत घालून घेतली होती.

शेवटची मॅच तोंडावर आली आणि श्रीकांतचं बोट मोडल्याची बातमी आली. हाडांच्या डॉक्टरच्या भाच्याचं बोट! पद्माकरराव मनातून चरकले. पोरगं तिकडे चिखलात लोळतंय आणि आपण इकडे चहात बिस्किटं बुडवतोय, याची त्यांना अगदी मनापासून लाज वाटली. त्यांनी कॅन्टीनचाही चहा सोडला.

"चहाला नाही म्हणालात, डॉक्टर?" वॉर्डमधल्या नर्सने त्यांना सक्तीने खुर्चीत बसवलं आणि त्यांचं ब्लडप्रेशर घेतलं.

रविवारी फोन वाजला. "अहो, जिंकले! जिंकले!"

चहा उकळेपर्यंत सुहासिनीबाईंनी इल्फर्डपासून साउथहॅम्प्टनपर्यंत सगळ्या मैत्रिणींना बातमी कळवली. आलं घातलेला वाफाळता कप समोर आला तेव्हा पद्माकररावांना भरून आलं. त्यांनी कप ओठांपर्यंत नेला, तोच पुन्हा फोन वाजला.

"थांबा, पिऊ नका!" रिसीव्हरवर हात ठेवत सुहासिनीबाई म्हणाल्या. "इल्फर्डची उल्का आहे. तिची ड्रायव्हिंग टेस्ट आहे हो, पाचव्यांदा. तुमचा चहा फार पावतो म्हणतेय."

पद्माकररावांनी निमूटपणे कप खाली ठेवला.

"आणि या वेळी पहिल्या दिवसापासून हं," सुहासिनीबाई हळूच म्हणाल्या, "कॅन्टीनमधलासुद्धा नाही."