भालकाकांच्या भुंड्या गाई

भालकाका माणसाकडे बघायचे ते कपाळाच्या वर. मिल्टनमधलं त्यांचं बेसमेंट भाड्याने घ्यायचं म्हणून मी पहिल्यांदा गेले, तेव्हा दार उघडून ते माझ्या चेहऱ्याकडे न बघता भांगाकडे बघत उभे राहिले. मला वाटलं केसांत बर्फ अडकलाय. मी हळूच हात फिरवला. बर्फ नव्हता.

"त्यांचं तसंच आहे," आतून एका बाईंचा आवाज आला. "शिंगं आहेत का बघतात. नाहीत ना तुला? मग ये आत."

या कुमुदकाकू, त्यांच्या पत्नी. मी आत गेले आणि तिथेच राहिले.

साठच्या दशकाच्या शेवटी देश सोडून इथे आलेल्या मराठी लोकांत डॉक्टर पुष्कळ, इंजिनियर त्याहून पुष्कळ. भालकाका एकटेच बैलांचे. जन्मतःच शिंगं नसलेल्या, मांसासाठी पाळायच्या गाई-बैलांची पैदास हा त्यांच्या डॉक्टरेटचा विषय आणि पुढे उभ्या आयुष्याचाही. निवृत्त झाल्यावरही गॉर्डन नावाच्या शेतकऱ्याबरोबर त्यांनी भागीत एक कळप ठेवला होता. गॉर्डन त्यांना 'बॉल' म्हणायचा. काकांनी गाईंना आपल्या आत्यांची आणि मावश्यांची नावं दिली होती: गोदी, साळू, ठमी. गॉर्डन ठमीला टॉमी म्हणायचा आणि ठमी त्याला ओ द्यायची, याचं काकांना वाईट वाटायचं.

स्वतः काकांनी अंडंसुद्धा कधी खाल्लं नव्हतं.

मराठी मंडळात मात्र त्यांचं हे मांसाच्या जनावरांचं काम कुणालाच माहीत नव्हतं. इथल्या पहिल्याच गणपतीत कुणीतरी विचारलं होतं, मिस्टर काय करतात? काकू घाईघाईने म्हणाल्या होत्या, "डेअरीत आहेत." तेव्हापासून ते डेअरीत होते. पॉटलकला लोक त्यांना कोपऱ्यात गाठायचे. इथल्या दुधाच्या दह्याला तार का सुटते? चक्क्याला होमो, म्हणजे पूर्ण सायीचं दूध घ्यायचं की टू पर्सेंट? काका काकूंकडे एकदा बघायचे आणि गंभीरपणे म्हणायचे, "विरजण बदलून बघा." सगळ्या प्रश्नांना हेच उत्तर. पुष्कळांना गुण आला असं कळलं.

मी कमी बोलत असल्यामुळे काका माझ्याशी खूप बोलायचे. त्यांचा आवडता शब्द 'भुंडा'. इंग्रजी शाळेत शिकलेल्या मला हा शब्द फक्त आईच्या तोंडून माहीत होता. बांगड्या काढून ठेवल्या की ती ओरडायची, "भुंडे हात घेऊन फिरू नकोस." काकांकडे तीच सर्वांत मोठी पदवी होती. फोनवर गॉर्डनशी इंग्रजी बोलता बोलता मध्येच आनंदाने "भुंडी, भुंडी!" असं ऐकू आलं, की समजायचं, गोठ्यात कुणीतरी नीट जन्मलंय.

"नुसता भुंडा नाही," ते मला समजवायचे, "दोन्हीकडून भुंडा पाहिजे. आईकडूनही आणि बापाकडूनही. मग त्याच्या एकाही वासराला शिंग येणार नाही. एकीकडूनच असेल तर तो दिसायला भुंडा, पण शिंग आत दबा धरून बसलेलं असतं. पुढच्या पिढीत डोकं वर काढतं."

"तिन्हीसांजा झाल्यात," काकू स्वयंपाकघरातून म्हणायच्या. "सवाष्णीच्या घरात तो शब्द नको."

"मग काय म्हणू?"

"काही म्हणूच नका."

हे त्यांचं रोजचं होतं. माणसांनाही काका याच मापाने मोजायचे. माझ्यासाठी सांगून आलेल्या एका मुलाचा फोटो आईने ईमेलने पाठवला. काकूंनी नाक-डोळे वाखाणले. काका म्हणाले, "बसलेला फोटो काय कामाचा? चालतो कसा ते बघायला हवं. पाय गेले की सगळं गेलं." मग बराच वेळ फोटो न्याहाळून म्हणाले, "स्वभाव मात्र गरीब दिसतोय. कळपात राहील." मी नकार कळवला. कारण आईला सांगता येण्यासारखं नव्हतं.

एका शनिवारी ते मला गॉर्डनच्या शेतावर घेऊन गेले. तांबड्या, बसक्या, रुंद पाठीच्या गाई. डोकी वर निमुळती, जणू टोपी घालायला विसरल्यासारखी. एका वासराच्या कातडीत शिंगाच्या जागी हरभऱ्याएवढं काहीतरी हलत होतं. मी विचारलं, हे काय?

"ही शिंगाची आठवण," काका म्हणाले. "हाडाला चिकटलेली नाही. करत काही नाही, नुसती असते."

परत येताना गाडीत मी धीर करून विचारलं, शिंगं असली तर बिघडलं काय?

"एकमेकींना लागतात. ट्रकमध्ये तर फारच." काका म्हणाले. "म्हणून शिंग येण्याआधीच, वासरू लहान असताना, तापलेल्या लोखंडाने कोंब जाळतात. मी नवीन आलो तेव्हा धरायचं काम माझ्याकडे होतं. मान काखेत घ्यायची आणि धरून ठेवायचं. आता बधिर करायचं इंजेक्शन देतात, तेव्हा काही नव्हतं." पुढे सिग्नल लाल झाला. "शेवटी त्यांचं काय होतं ते मला ठाऊक आहे. ते मला थांबवता येत नाही. सगळा देशच खातो. मधलं एक दुखणं तेवढं मी काढून टाकलं. माझी डॉक्टरेट म्हणजे एवढंच."

हिरवा लागला तरी ते निघाले नाहीत. मागून हॉर्न वाजला.

कळपातली जनावरं न्यायला ट्रक यायचा, त्या दिवशी काका शेतावर जायचे नाहीत. तो दिवस कुठला हे घरात कधी बोललं जायचं नाही. ते फक्त म्हणायचे, "आज पोट बरं नाही." आणि काकू काही न विचारता भिजवून ठेवलेला साबुदाणा परतायला घ्यायच्या. आधी भिजवून ठेवण्याइतकं त्यांना कसं कळायचं, हे मला कधी समजलं नाही.

पण शेतावर काकू कधीच गेल्या नव्हत्या. दर वसुबारसेला हा विषय निघायचा. दिवाळीच्या त्या पहिल्या संध्याकाळी गाय-वासराची पूजा करायची असते. इथे गाय कुठली? काकू देवघरातल्या चांदीच्या गाय-वासराची करायच्या. बाजरीची भाकरी आणि फ्रोझन गवारीची भाजी. आणि काका दर वर्षी दारात उभे राहून म्हणायचे, "खऱ्या आहेत की. पाऊण तासावर. वासरांसकट."

मी राहायला आले त्या वर्षीही ते म्हणाले होते. काकू निरांजन लावता लावता म्हणाल्या, "मी त्यांना कुंकू लावायचं आणि महिन्याभराने तुम्ही ट्रक बोलवायचा. काय तोंडाने ओवाळू?"

"ओवाळू नकोस. नुसता डोक्यावर हात ठेव. काय केलं मी इतकी वर्षं ते एकदा हाताला लागू दे."

"गुडघे दुखतात माझे," काकू म्हणाल्या. काका हिरमुसून बेसमेंटमध्ये आले आणि माझ्या खोलीतल्या, घर गरम करणाऱ्या फर्नेसचा फिल्टर उगीचच बदलून गेले.

पुढच्या वर्षी गॉर्डनने शेती बंद करायचं ठरवलं. कळप सस्कॅचवानमधल्या एकाने घेतला, पैदाशीसाठी; कापायला नव्हे. दिवाळीनंतर नेणार होता.

त्या वसुबारसेला मी ऑफिसातून लवकर आले. काकू स्वयंपाकघरात उभ्या होत्या. अंगावर ठेवणीतली पैठणी, वर काकांचा जाड पार्का, पायांत विंटर बूट. हातात पूजेचं ताट, त्यावर फॉइल.

"बरं झालं आलीस. तूही चल," त्या म्हणाल्या. मग जिन्याकडे तोंड करून, "अहो, चला. उजेड आहे तोवर."

काका खाली आले. त्यांनी पैठणीकडे पाहिलं, ताटाकडे पाहिलं. आणि गाडीची किल्ली घेतली. हायवेला लागल्यावर म्हणाले, "कुमुद, त्या गेल्या गं. शनिवारी. तिकडे बर्फ लवकर पडणार म्हणून तो आधीच आला."

शनिवारी घरात साबुदाण्याची खिचडी झाली होती. काकूंनी नेहमीचा ट्रक समजून केली असणार.

"सगळ्या?"

"सगळ्या. गाडी वळवू?"

"नको," काकू म्हणाल्या.

गोठा झाडून ठेवलेला होता. गॉर्डन घरातून बघत होता, पण बाहेर आला नाही. काकूंनी ताटावरचं फॉइल काढलं आणि विचारलं, "कोण कुठे असायची?"

काका दाखवत गेले. इथे गोदी, तिची कालवड या अंगाला. इथे साळू, खिडकीशी, तिला वारा लागायचा. काकू प्रत्येक ठिकाणी हळद-कुंकू आणि अक्षता टाकत गेल्या. वाऱ्याने निरांजन राहत नव्हतं म्हणून मी हाताचा आडोसा धरून मागून चालत होते. ठमीच्या जागी काकू थांबल्या.

"हीसुद्धा भुंडी?"

"दोन्हीकडून," काका म्हणाले.

पुढे जायचं सोडून त्या तिथेच उभ्या राहिल्या. "दर वर्षी विचारत होतात. यंदा का नाही विचारलंत? आठवडाभर वाट बघितली मी. पैठणीला इस्त्री केली."

काकांनी बुटाने गवताची काडी बाजूला सारली.

"यंदाही नाही म्हणाली असतीस," ते म्हणाले, "तर ते शेवटचंच ठरलं असतं. पुढच्या वर्षी विचारायला गाई कुठे असणार होत्या?"

काकूंनी ताट माझ्या हातात दिलं. खाली सिमेंट ओलं होतं. त्यांनी काकांच्या कोपराला धरलं, आणि दोघं राहिलेल्या जागांकडे वळले.