सांगाले आलो

एका भर दुपारी डोमाभाऊ नाकेदार आमच्या फाटकाशी येऊन उभे राहिले आणि आईला म्हणाले, "बाई, काल तुमच्या लिंबाची सावली रस्त्यावर पडली होती. दोन मिनिटं उभा राह्यलो. सांगाले आलो."

"बरं, मग?"

"मंग काई नाई. बरं वाटलं." आणि आले तसे उन्हातून परत गेले.

आईला वाटलं, झाडाबद्दल तक्रार आहे.

वडील रेंजर होते. चामोर्शीच्या वाटेवर जंगलखात्याच्या नाक्याजवळ आम्हाला क्वार्टर होतं. लाकडाच्या बैलबंड्या थांबवायच्या, पास बघायचा, आडवा बांबू वर करायचा, हे डोमाभाऊंचं काम. उद्योग मात्र निराळा. कुणाकडून काही मिळालं आणि देणाऱ्याच्या ते ध्यानातही नसलं, की हे त्याच्या दारात जाऊन सांगून येत. आभार मानत नसत. नुसतं सांगत.

मी नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. एकदा माझ्या हातून पडलेलं पत्र त्यांनी उचलून दिलं आणि मी सवयीनं 'थँक्यू' म्हटलं. "हे तं तुम्ही न पाहताच म्हणता, बाई," ते म्हणाले. खरं होतं. मी जमिनीकडे बघून बोलत असे, तेही इतकं हळू की आईला दोनदा विचारावं लागे.

रस्त्याकडेच्या पाण्याच्या रांजणावर कुणीतरी रोज पळसाची ताजी पानं झाकून जाई. कोण, ते शोधत डोमाभाऊ दोन कोस चालून एका गोंड टोल्यावर, चार झोपड्यांच्या वस्तीत, एका म्हातारीच्या घरापाशी पोचले. खाकी सदरा दारात दिसताच म्हातारीनं सरपणाची मोळी घरामागे ओढली आणि तिच्यावर बसून राहिली.

"मोळीसाठी नाई आलो, माय. पानाचं सांगाले आलो."

ते जाईपर्यंत ती मोळीवरून उठली नाही.

नाक्यावर सागाच्या ओंडक्यावर रिकामी मंडळी बसलेली असत. "डोमाभाऊ, आज कोनाची सावली खाल्ली?" ती विचारत.

"तुमी बसले तो ओंडका सावलीत कोनं आनला, ठाऊक हाये?"

"नाई."

"मंग इचारा कोनाले तरी."

मी रोज त्या ओंडक्यासमोरून टपाल टाकायला जाई. वळणावर मी दिसले की डोमाभाऊंना नेमकी नाक्यामागची लाकडं आठवत. "उठा रे, हात लावा जरा." सगळे मागे जात आणि मला रस्ता मोकळा मिळे. दोन वर्षं मी हे माझं नशीब समजले. मग एकदा ते तापानं पडले. त्या दिवशी ओंडक्यावर सहा जण होते. सगळे माझ्याकडे नुसते बघत राहिले. मी अर्ध्या वाटेतून पत्र घेऊन परत आले.

महिनाअखेरीस डोमाभाऊ पेन्शनीत निघणार होते. सांगायला हवं होतं आणि मला जमत नव्हतं. शेवटच्या सकाळी त्यांच्या खोलीपुढे बंडी भरून तयार दिसली, तेव्हा कुठे मी गेले. त्यांची बायको पाच वर्षं खाटेवर आहे असं ऐकून होतो. पाहिलं कुणी नव्हतं.

"भाऊ, मी टपालाला जाताना तुम्ही माणसं उठवत होतात. मला उशिरा कळलं. सांगायला आले."

ते गोंधळले. दुसऱ्यांच्या दारात उभं राहायची त्यांना सवय होती, स्वतःच्या दारात कुणी येण्याची नव्हती.

"त्यात काय सांगाचं, बाई," ते म्हणाले. सगळे त्यांना म्हणत तेच.

मी वळले.

"बाई, जरा मोठ्यानं सांगता का? आत हिले आयकू जाऊ द्या. पाच वर्सात दारावर कोनी आलं नाई. हिले वाटते, मी दिवसभर नुसता बांबू वर-खाली करतो."

ओंडक्यावर माणसं बसली होती. मी दाराशी गेले, मान वर केली आणि पहिल्यापासून पुन्हा सांगितलं. सगळ्यांना ऐकू गेलं.

आत खाट करकरली. बारीक आवाज आला, "पोरीले उभी काऊन ठेवली? बसाले दे ना काई."

बसायला होतं नव्हतं ते सारं बंडीत बांधलेलं होतं. डोमाभाऊ पायरी उतरले आणि बंडीचे दोर सोडू लागले.