तीन चिंचोक्यांची कालवड

खेळातून शिक्षण द्यावं तर मीच, शिरूर तालुक्यात माझा हात धरणारं कुणी नाही, असं मी परवापर्यंत छातीठोकपणे सांगत होते. तीन दिवसांचं प्रशिक्षण झालंय माझं, वर प्रमाणपत्र! निमोण्याच्या अलीकडं आमची वस्ती, तिथली अंगणवाडी माझी. पोरं अकरा आणि हाताची खुर्ची एक. तीही माझी.

अडचण एकच होती, बापूसाहेब. त्यांचा नातू सत्यजीत माझ्याकडं येतो.

"बाई, पोरगं घरी येऊन सांगतंय, आज बाजार-बाजार खेळलो. पाटी बघावी तर कोरी. सोमवारपासनं शिरूरच्या शाळंच्या पिवळ्या बसमधी बसवतो त्याला."

आमच्या वस्तीवर बापूसाहेबांनी छत्री उघडली की बाकीचे आभाळाकडं न बघता उघडतात. सत्यजीत गेला की मागोमाग आठ पोरं जाणार आणि मी उरलेल्या दोघांपुढं बडबडगीतं म्हणत बसणार. अशानं अंगणवाडी किती दिवस टिकणार?

"शनिवारी येऊन बघा, मग ठरवा," मी म्हटलं.

बेत नामी होता. बापूसाहेबांनी चाळीस वर्षं बैलबाजारात रुमालाखाली सौदे केलेले. दोघांचे हात रुमालाखाली, जितकी बोटं दाबली तितका भाव, बघणाऱ्याला पत्ता नाही. मी बाजार तसाच मांडला. मातीची जनावरं, पैशांच्या जागी चिंचोके, मधे माझा रुमाल. पोरांची मोजणीही होते आणि पाहुणेही खूश! वर पोरांना पढवून ठेवलं, "रुमालाखालचा शब्द मोडत नाही. विचारा सत्यजीतच्या आबांना."

शनिवारी बापूसाहेब आले आणि माझ्या खुर्चीत बसले. पाच मिनिटांत पाच वर्षांची करुणा त्यांच्यापुढं हजर.

"आबा, तुमच्याकडं काय हाय इकायला?"

मातीची जनावरं तोवर संपली होती. बापूसाहेब हसले. "माझ्याकडं व्हय? गोठ्यात चंद्री हाय, कालवड."

"घाला हात."

बापूसाहेबांनी पाच बोटं दाबली, करुणानं दोन. त्यांनी मान हलवली. करुणानं फ्रॉक झटकला आणि सरळ चालायला लागली.

"आगं थांब की," बापूसाहेब म्हणाले. आपण कुठं बसलोय हे ते विसरले होते. शेवटी तीनवर जमलं आणि त्यांनी टाळी दिली. "दिली!" करुणानं तीन चिंचोके मोजून दिले, ते त्यांनी खिशात टाकले.

"बाई, पोरीला आकडं येत्यात की वो," असं म्हणत ते गेले. मी मनातल्या मनात माझाच सत्कार केला, शाल-श्रीफळासकट.

चार वाजता बापूसाहेबांच्या मंडळींचा, सोजराबाईंचा फोन आला.

"काय वो बाई, माझी चंद्री तीन चिंचोक्याला इकली म्हणं तुमच्या शाळंत?"

मी पदर खोचून धावले. गोठ्यापुढं निम्मी वस्ती जमलेली. करुणा दोरीउड्यांची दोरी घेऊन उभी, आणि दोरीचं दुसरं टोक चंद्रीच्या गळ्यात.

"करुणा, बाळा, ते खोटं खोटं होतं."

"बाई, तुमीच म्हणला, रुमालाखालचा शब्द मोडत न्हाई."

सगळ्यांनी आधी माझ्याकडं बघितलं, मग बापूसाहेबांकडं. त्यांचे बाजारातले जुने जोडीदार बबनराव काठीवर रेलून म्हणाले, "फिरवा शब्द, बापूसाहेब. ल्हान पोर हाय. आम्ही काय कुणाला सांगतोय व्हय?" म्हणजे उद्या दौंडपर्यंत पोचणार.

बापूसाहेबांना घाम फुटला. आता सोमवार कशाला, हे आजच पिवळी बस दारात बोलावतील.

शेवटी त्यांनी खांद्यावरचा पंचा काढला. "ये पोरी. चंद्री मला माघारी इक."

करुणानं पाच बोटं दाबली आणि हटेना. "बरं, पाच तर पाच," म्हणत बापूसाहेबांनी खिशात हात घातला. निघाले तीनच. तेवढ्यात शेजारी उभ्या सत्यजीतच्या खिशात चिंचोके खुळखुळले. माझ्या डब्यातले चिंचोके रोज कमी का होतात, ते मला तेव्हा कळलं.

"सत्या, दोन दे रं."

सत्यजीतनं खिसा घट्ट धरला. "आबा, आधी रुमाल."

बापूसाहेब नातवापुढं उकिडवे बसले. पंच्याखाली सत्यजीतनं एकच बोट दाबलं.

"एक काय रं?"

"एकच गोष्ट. पिवळ्या बसमधी न्हाई बसायचं."

बापूसाहेबांनी चंद्रीकडं बघितलं, सोजराबाईंकडं बघितलं, बबनरावांकडं बघायचं टाळलं, आणि नातवाला टाळी दिली. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू.

सोमवारी अकराच्या अकरा पोरं हजर. वर बापूसाहेबही आले, आणि बाजार भरला की आता रोजच येतात. फक्त एक झालंय, पोरं सौद्याशिवाय हातसुद्धा धूत नाहीत.

हे सगळं मी जमिनीवर बसून लिहितेय. खुर्ची मंगळवारीच करुणाकडं गेली, दोन चिंचोक्यांना. मी चार मागितले होते, पण ती चालायला लागली.