गजाभाऊ आणि जिन्यातली बत्ती

धसईला माझ्या मेव्हण्याच्या मुलीचं लग्न होतं. मंगलाष्टकं चालली होती, सगळे मुठीत अक्षता धरून उभे होते, आणि आमचे गजाभाऊ खुर्चीवर चढून हॉलच्या एमर्जन्सी लाइटचं टेस्ट बटण दाबत होते. लाइट लागेना. दोन मंगलाष्टकांच्या मधल्या शांततेत त्यांचा आवाज घुमला, "मेलेली हाय ही! आत जीवच नाय!"

नवरीच्या आजीने हंबरडा फोडला. तिला समजावण्यात मुहूर्त टळला.

शहापुरात आमच्याच कॉम्प्लेक्समध्ये गजाभाऊंचं भांड्यांचं दुकान आहे, आणि शेजारी माझं साड्यांचं. मधे एक भिंत आहे, पण ती त्यांचा आवाज अडवण्याच्या भानगडीत पडत नाही. गिऱ्हाइकाने कुकर मागितला की आधी यांचा प्रश्न, "लाइट गेली तं काय करशील?" कुकर गॅसवर चालतो, हे सांगायचं धाडस अजून कुणी केलेलं नाही.

गेल्या वर्षी कॉम्प्लेक्समध्ये एमर्जन्सी लाइट बसवायचं ठरलं. आमचा जिना म्हणजे बिल्डरच्या प्रतिभेचा कळस. जिन्याची खिडकी बुजवून त्याने तिथे मोबाइल दुरुस्तीचा गाळा काढलाय. भर दुपारी वीज गेली तरी जिन्यात अमावास्या. वरच्या मजल्यावर दातांचे डॉक्टर, कॉम्प्युटर क्लास आणि शिवणक्लास.

मीटिंगमध्ये प्रत्येकाने समाजहिताचा विचार मांडला. डॉक्टर म्हणाले, लाइट माझ्या बोर्डावर लावा. मिठाईवाले शेठ म्हणाले, रंगीबेरंगी घ्या, म्हणजे दिवाळीतही चालतील. मी सौंदर्यदृष्टीचा माणूस. मी सुचवलं, जरा पिवळसर उजेड घेऊ, साड्यांचे रंग खुलतात.

"एमर्जन्सी हाय का हळद?" गजाभाऊ कडाडले. "मानसं साड्या बघत पळनार हायत?"

मग निवडीचं काम त्यांनी स्वतःकडेच घेतलं. कल्याणला गेले, वाशिंदला एका कारखान्याचा जिना पाहून आले, आणि एक नमुना आणून जिन्याच्या वळणावर टांगला. त्याची चाचणी घ्यायला त्यांनी कुणाला न सांगता मेन स्विच पाडला. कॉम्प्युटर क्लासमधल्या पोरांचं दिवसभराचं टायपिंग गेलं. डॉक्टरांचं मशीन पेशंटच्या तोंडात थांबलं. पेशंटने तेवढे मनापासून आभार मानले. पण तो जिन्यात आला आणि त्या झगझगाटाने डोळे झाकून परत दाढ कोरून घ्यायला वर पळाला.

"नापास," गजाभाऊ म्हणाले. "उजेड डोळ्यात नको, पायात पायजे."

दुसरा नमुना पायात उजेड पाडायचा, पण सावल्याही पाडायचा. तिसऱ्याची बॅटरी चहा होईस्तोवर संपली. गजाभाऊ डोळे किलकिले करून, भिंतीला हात न लावता, जिना चढत-उतरत राहायचे. शेवटी प्रत्येक वळणावर खाली वळवलेली एकेक बत्ती आणि प्रत्येक पायरीच्या कडेला पिवळा पट्टा, असं त्यांनी जाहीर केलं.

"पायऱ्यांना मेंदीपण काढू या," मी म्हणालो. सगळे हसले. गजाभाऊ हसले नाहीत. आम्ही पार थकल्यामुळे ठराव एकमताने मंजूर झाला. लोकशाही अशीच चालते.

श्रावणात एका संध्याकाळी वीज गेली. जिन्यातल्या बत्त्या लागल्या. गिऱ्हाइकाच्या हातातली कढई तशीच सोडून गजाभाऊ जिन्याच्या तळाशी जाऊन उभे राहिले. स्वतःची करामत बघायला गेले असणार, म्हणून मी एक चांगला टोमणा तयार करून मागोमाग गेलो.

वरून शिवणक्लासच्या बायका उतरत होत्या. सगळ्यात शेवटी कुसुमवहिनी होत्या, गजाभाऊंच्या पत्नी.

त्यांना कॉम्प्लेक्समध्ये पाहून मला दोन-तीन वर्षं तरी झाली होती. त्यांना दिवस मावळला की कमी दिसतं. याच जिन्यात, अशीच वीज गेलेली असताना, त्यांचा पाय चुकला होता. हाड जुळून आलं, पण संध्याकाळचं घराबाहेर पडणं सुटलं, क्लासही सुटला. हे सगळं मला माहीत होतं. पण मीटिंगमध्ये माझ्या एकदाही डोक्यात आलं नाही, आणि गजाभाऊ एका शब्दाने बोलले नाहीत.

वहिनी एकेक पिवळा पट्टा बघत खाली येत होत्या. गजाभाऊंचा हात पुढे झाला. मग त्यांनी तो मागे घेऊन पाठीशी धरला.

"तुमी हितं कशाला? दुकान कोन बघतंय?" वहिनींनी विचारलं.

"बत्ती बघाया आलतो गो."

"बघा मग. मी भाजी घेऊन येते."

त्या बाजाराकडे वळल्या. माझा टोमणा तोंडातच राहिला.

"आता जाईल रे ती एकटी," गजाभाऊ माझ्याकडे न बघता म्हणाले. मग बाजाराकडे पाहत म्हणाले, "तू माझं दुकान बघ रे जरा."

आणि निघाले वहिनींच्या मागोमाग, चार हात अंतर ठेवून. बाजार समोरच, त्यांच्या दुकानाच्या दारातून दिसणारा नि ऐकू येणारा; तिथे ज्याच्या त्याच्या इन्व्हर्टरचा मिणमिणता उजेड होता. वहिनी थांबल्या की हे थांबायचे आणि कांद्याच्या ढिगाकडे एकटक बघायचे.

तिसऱ्या भाजीवालीपाशी वहिनी मागे न वळताच म्हणाल्या, "येताच हाय तं पिशवी तरी धरा."

गजाभाऊ धावले.