उत्रोलीच्या विहिरीचा मधुमेह

चंद्राबाईंना निळा रंग फार आवडायचा, आणि आज नेमका तोच टिकत नव्हता. उत्रोलीत भागूबाईंच्या ओसरीवर त्या स्पिरिटच्या दिव्यापुढे बसल्या होत्या. काचेच्या नळीत निळं औषध, त्यात लघवीचे थेंब, खाली ज्योत. लघवीत साखर नसली तर औषध निळंच राहतं. असली तर हिरवं, पिवळं होत होत विटेसारखं लाल होतं. ते रंग बघता बघता चंद्राबाईंची तंद्री लागायची. बाहेर नीरेवरचं धुकं अजून उठलं नव्हतं, खळ्यांवर नव्या भाताचा वास दरवळत होता, आणि सकाळपासून जी नळी धरावी ती लाल होत होती.

चंद्राबाई भोरच्या एका दवाखान्यात नर्सचं शिक्षण घेत होत्या. मधुमेहाच्या रोग्याची देखभाल ही त्यांची शेवटची परीक्षा. गावात जायचं, लघवी तपासायची, रोगी निघाला तर पथ्य समजावून सांगायचं. दुपारी त्यांना शिकवणारे आनंदराव डॉक्टर येऊन सगळं बघणार. पास झाल्या तर नोकरी, नापास झाल्या तर पासलीला भावाच्या घरी परत. भाऊ रायबा याने न्यायला बैलगाडीसुद्धा सांगून ठेवली होती. बहिणीच्या हुशारीवर त्याचा तेवढाच विश्वास होता.

आदल्या संध्याकाळी त्यांनी घरोघर धुतलेल्या बाटल्या वाटल्या होत्या. सकाळी बायकांनी त्या पदराखाली झाकून आणल्या आणि मान वळवून ओसरीवर ठेवल्या. सगळ्याच लाल म्हटल्यावर दुसऱ्या कुणाला शंका आली असती. चंद्राबाईंना स्वप्न पडलं. समोरच्या खाचरात दवाखाना उभा आहे, रोगी इंजेक्शनासाठी रांगेत बसलेत, आणि दारात शुभ्र पातळातल्या आपण. त्या तशाच तरंगत्या आवाजात भागूबाईंच्या नवऱ्याशी बोलू लागल्या.

"सोनबा, तहान फार लागते का?"

"सकाळधरनं खळ्यावर हाय. लागनारच की."

"थकल्यासारखं वाटतं?"

"वाटतंय की."

"रात्री उठावं लागतं?"

"रानडुकरं येत्यात, बाई. उठावंच लागतं."

सगळी लक्षणं जुळली. "भात बंद," चंद्राबाई हळुवारपणे म्हणाल्या. "गूळसुद्धा बंद."

सकाळी पोतं एकट्याने उचलणारा सोनबा घोंगडीवर आडवा झाला आणि आपल्यामागं तांबडा बैल कुणाला द्यायचा ते भागूबाईंना सांगू लागला. दुपारपर्यंत घरोघर एकेक घोंगडी पसरली गेली. मळणी थांबली. खळ्यावरचे बैल आयता भात खात उभे राहिले. त्यांना कुणी बंदी केली नव्हती.

एवढ्यात गेणू अंग चोरत आला. तो गावातला सगळ्यात लाजाळू माणूस.

"बाई, माजी बाटली..."

"लालच आहे, गेणू. भात बंद."

"आसंल. पन त्यात म्या हिरीचं पानी भरल्यालं."

"विहिरीचं? का?"

"लाज वाटली."

चंद्राबाईंचा दवाखाना भिंतींसकट कोसळला. आणि कोसळायला मुहूर्त कोणता, तर आनंदराव डॉक्टर टांग्यातून उतरून ओसरीला टेकतायत तो. त्यांनी आधी तांब्याभर पाणी मागून प्यायलं, मग सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे विहिरीला मधुमेह झाला," ते म्हणाले. "तिलाही भात बंद करणार का?"

"त्याच हिरीचं पानी समदं गाव पितंय," सोनबा घोंगडीवरून म्हणाला. "तितनंच आलं आसंल." हे ऐकून दोघंजण विहीर झाकायला निघालेसुद्धा.

तेव्हा भागूबाई चाचरत पुढे आल्या. "बाई, गुळानं तर न्हाई ना झालं?"

"कसला गूळ?"

"बाटलीत टाकल्याला. दुसऱ्याचं भांडं मोकळं कसं परत द्यायचं?"

"मोकळं कुठं होतं ते?" डॉक्टरांनी विचारलं.

"आता त्यात जे व्हतं, ते काय देनं म्हनायचं का, डाक्टरसाहेब? पानवठ्यावर समद्या बायकांचं ठरलं, एकेक खडा टाकायचा. नर्सबाईंनी नाव ठेवाया नको."

डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. आणखी तांब्याभर पाणी पिऊन ते म्हणाले, "चंद्राबाई, तुमचा हात चांगला आहे, पण डोकं कायम ढगात. सगळं गाव आजारी कसं असेल, एवढं तरी मनात यायला हवं होतं. मला पास करता येणार नाही." चंद्राबाईंचे डोळे भरून आले. पासलीची वाट त्यांना तिथूनच दिसू लागली.

सोनबा उठून बसला होता, पण त्याचं समाधान झालं नव्हतं. "निरोगी मानसाचं निळं ऱ्हातंय म्हनता, पन आमी त्ये बघितलंच न्हाई."

"दाखवतो," डॉक्टर म्हणाले. स्वतःच्या हाताने बाटली विसळून ते घरामागे गेले आणि भरलेली बाटली घेऊन आले. भागूबाईंना त्यांनी लांब उभं केलं. चंद्राबाईंनी नळी धरली. निळा रंग क्षणभर छान चमकला. मग हिरवा झाला, पिवळा झाला, आणि सावकाश लाल.

सगळ्यांनी भागूबाईंकडे पाहिलं. त्यांनी दोन्ही हात उघडून दाखवले. "म्या न्हाई."

"पुन्हा करा," डॉक्टर म्हणाले. पुन्हा लाल. मग त्यांनी स्वतः नळी धरली, आणि ती धरलेली बराच वेळ खाली ठेवली नाही.

या वेळी चंद्राबाईंची तंद्री लागली नाही. डॉक्टरांच्या अंगावर ढगळ झालेला कोट आणि दोनदा रिकामा झालेला तांब्या त्यांना एकदम दिसला. आपला हात बरोबर ठरला याचा आनंद व्हायला हवा होता. त्यांना फक्त वाईट वाटलं, अगदी आतून. "सर, घाबरू नका," त्या म्हणाल्या. "वेळेवर कळलं आणि पथ्य पाळलं, तर माणूस चांगला राहतो."

"हे मीच शिकवलंय तुम्हाला."

"हो, सर."

भागूबाईंना झाल्या प्रकाराची लाज वाटत होती. ती धुऊन काढायला त्यांनी डॉक्टरांपुढे ताट मांडलं. नव्या आंबेमोहराची वाफाळती रास, शेजारी गुळाचा खडा. डॉक्टरांचा हात राशीपर्यंत पोचला, तोच चंद्राबाईंनी ताट उचललं.

"आजच्या दिवस," डॉक्टर म्हणाले.

"नाही."

"अहो, मी तुमचा परीक्षक आहे."

"असाल." त्या भागूबाईंकडे वळल्या. "भात न्हाई द्यायचा ह्यास्नी. अर्धी भाकर, पालेभाजी आन ताक आना." शिकलेली भाषा कुठल्या कुठे पळाली होती, पण आवाज काही तरंगत नव्हता.

डॉक्टर लांब जाणाऱ्या वाफेकडे बराच वेळ बघत राहिले.

"पास झालात तुम्ही, चंद्राबाई," ते हळूच म्हणाले. "आता तरी दोन घास?"

चंद्राबाईंनी डोळे पुसले आणि ताकाची वाटी त्यांच्यापुढे सरकवली.