डोमाजी काकांचा कुलूपबंद संडास

आमच्या लेआउटमधला सगळ्यात देखणा संडास डोमाजी काकांचा, आणि तो सदा कुलपात. निळं दार, आत पांढऱ्याशुभ्र टाइल्स, वर उजेडाला जाळी, उंबऱ्याशी पाय पुसायला गोणपाट. आणि हे सगळं बांधणारा मालक रोज पहाटे एका हातात टमरेल, काखेत छत्री अशा थाटात शेताकडे निघालेला. नवीन राहायला आलेला माणूस पहिलं हेच विचारायचा, "हा काय प्रकार आहे हो?" आम्ही म्हणायचो, "राहा थोडे दिवस, सवय होईल."

तुमसरच्या शिवेवर धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, मोडून हे लेआउट पडलं, ऐंशीच्या आसपास. प्लॉट एवढाले, की अंगणात खाट टाकली तर फाटक उघडू नये. त्यातच घर, त्यातच विहीर, त्यातच संडासाचा खड्डा. नळ गावाच्या हद्दीत येऊन थांबलेला, आम्ही हद्दीबाहेर. मी शाळेत मास्तरीण. माझं घर काकांच्या समोर, आणि काकांच्या भिंतीला भिंत लावून येनूबाईंचं. येनूबाई, त्यांचा मुलगा मनोहर, सून शीला आणि शीलाची लहानगी गुड्डी, असं ते घर.

काका मूळचे आंधळगावचे. राईस मिलमध्ये काट्यावर धानाची पोती तोलण्यात हयात गेली. बायको आधीच वारलेली, मुलगा रमेश भिलाईला नोकरीला. रिटायर झाल्यावर त्यांनी संडास आधी बांधला आणि उरलेल्या जागेत घर, असं म्हटलं तरी चालेल. दाराला हार घातला, नारळ फोडला, आणि घरोघरी पेढे वाटले. संडासाचे पेढे खाल्लेली मास्तरीण अख्ख्या जिल्ह्यात मी एकटीच असेन.

सगळ्यात जास्त अभिमान खड्ड्याचा. "पाणी लागेस्तोवर खांदला, बाई. मिस्त्री म्हणे, तुमचे नातू बुढे होतीन पण हा खड्डा भरत नाही." आणि खरंच तो भरेना. ते पाहून लेआउटमधल्या निम्म्या लोकांनी तसेच खोल खड्डे खणून घेतले. काका उभे राहून सल्ला द्यायचे, "अजून जाऊ द्या खाल्ती, पाणी लागू द्या."

शीला त्यांना बाबाजी म्हणायची. पोर मोठी गोड. संध्याकाळी भिंतीवरून तिचा हात वर यायचा, हातात वाटी. "बाबाजी, अंबाडीची भाजी हाय. भाकर करा, नुसता चहा पिऊन झोपू नका." काका वाटी कधी रिकामी परत करायचे नाहीत. गूळ नाहीतर चार बोरं टाकून द्यायचे. एकटा माणूस, त्या वाटीची वाट बघायचा. ते लपवणंही त्याला जमायचं नाही.

एका साली पाऊस सरता सरता लेआउटमध्ये कावीळ शिरली. ज्याच्या-त्याच्या डोळ्यांत हळद. बाकीचे उसाचा रस पिऊन, पथ्य पाळून उठले. शीलाला सातवा महिना लागला होता. भंडाऱ्याला नेईपर्यंत ती माणसं ओळखेनाशी झाली होती. पोटातल्या जीवासकट गेली. डॉक्टर म्हणाले, पाण्यातून आलं. तेरवी झाल्यावर मनोहरनं डिझेल इंजिन लावून विहीर उपसली, गाळ काढला, औषध टाकलं, आणि पुन्हा तेच पाणी सुरू झालं. दुसरं होतं कुठे?

त्याच आठवड्यात काकांनी संडासाला कुलूप ठोकलं.

विचारलं की दर वेळी नवीन कारण. मला म्हणाले, "मले आत कोंडल्यावानी होते." मनोहरला म्हणाले, "साप निंगाला होता." पोस्टमनला म्हणाले, "पाहुण्यायसाठी ठेवला जी." लोक हसून हसून लोळायचे. लेआउट वाढत गेलं तशी शेतं मागे सरली, तसे काका लांब लांब चालत गेले. आधी आमच्या मागची बांधी, मग नाल्यापलीकडे, मग रुळापलीकडे. पावसात छत्री सांभाळू की टमरेल, अशी त्यांची तारांबळ आम्ही दारातून बघायचो.

आणि दुसरं खूळ लागलं ते नव्या बांधकामांचं. कुठे खड्डा खणायला घेतला की काका काठावर हजर. "उथळ ठेवा, बापा. पाणी लागू देऊ नका." अरे, कालपर्यंत उलटं सांगत होतात ना? तर एकच ठरलेलं वाक्य, "वरून भिंती हायेत, खालून कायच्या भिंती?" लोक वैतागले. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, हे त्यांना तोंडावर ऐकवलं एकानं. काकांनी मान हलवली आणि पुढच्या खड्ड्याकडे गेले. ऐकलं कोणीच नाही. न भरणारा खड्डा कोणाला नको असतो?

एकदा नाल्यात पाय घसरून ते चिखलानं माखून आले, तेव्हा माझा संताप अनावर झाला. अंगणात बसवून त्यांच्या पायांवर पाणी ओतत मी म्हटलं, "काका, आज खरं कारण सांगितल्याशिवाय उठू देणार नाही."  मग काका बोलले.

मनोहरनं विहीर उपसली त्या दिवशी इंजिनाच्या आवाजानं त्यांच्या मनात काय आलं कोण जाणे, त्यांनी आपल्या खड्ड्यावरची फरशी सरकवली होती. "तिकडं इंजिन चालू, आन् इकडं माह्या खड्ड्यातलं पाणी उतरून राहिलं, बाई. इंजिन बंद केलं, त चढाले लागलं. म्या डोळ्यानं पायलं. म्हणून भरत नव्हता थो. शीला मले भाजी देत होती, आन् म्या तिले..."  माझ्या हातातला तांब्या थांबला.

"येनूबाईंना सांगा," मी म्हटलं.

"काय सांगू? तुमची सून माह्या घाणीनं मेली म्हनू? थे पोरगी, गुड्डी, तेच पाणी पेते. माह्याकडून एक थेंब जाऊ देत नाही मी आता. तेवढं करतो."

त्यांनी मला शपथ घातली. मी नाव न घेता येनूबाईंना जाऊन म्हटलं, गुड्डीला पाणी उकळून द्या. त्या म्हणाल्या, "बाई, चहापुरते लाकडं भेटत नाही, पाण्याले कुठून आणू?"

अशी बरीच वर्षं गेली. गुड्डी माझ्याच शाळेत यायला लागली. एका सकाळी काका परतले नाहीत. रुळापलीकडे बांधावर पडलेले सापडले, बैलबंडीतून आणले. लकवा मारला होता, उजवं अंग गेलं.

रमेश भिलाईहून आला. पोरगा वाईट नाही, पण व्यवहारी. बापाला सोबत न्यायचं आणि घर भाड्यानं द्यायचं, असं त्यानं ठरवलं. भाडेकरूही ठरला, मोठ्या कुटुंबाचा. घर बघायला आले तेव्हा त्याच्या बायकोनं पहिला तोच दरवाजा दाखवून विचारलं, "याची किल्ली?" किल्ली काकांच्या करदोट्याला. काका देईनात. "बाबा, येवढा चांगला संडास काय पुजाले ठेवता?" रमेश ओरडला. काका तोंड फिरवून पडून राहिले.

निघायच्या दिवशी सकाळी समोरून धाडधाड आवाज आला. आम्ही सगळे धावलो. निळं दार सताड उघडं. काका खाटेवरून सरपटत तिथवर गेले होते, आणि डाव्या हातानं वरवंटा उचलून भांडं फोडत होते. पांढऱ्या ठिकऱ्या सगळीकडे. मोठे मोठे तुकडे ते खाली भोकात ढकलत होते. रमेशनं त्यांच्या हातातून वरवंटा हिसकला. "बाबा, याड लागलं का तुमाले?"

गलका ऐकून येनूबाई आल्या, मागे गुड्डी. काकांनी त्यांना पाहिलं आणि सगळं सांगून टाकलं. लकव्यानं जीभ जड, अर्धे शब्द लाळेत जात होते. पण खड्डा, विहीर, शीला, एवढं सगळ्यांना कळलं.  येनूबाईंचा चेहरा मला बघवेना.

त्या म्हणाल्या, "शीला बाबाजी म्हने तुमाले."

काका लहान पोरासारखे रडायला लागले.

रमेशनं आणि मनोहरनं त्यांना उचलून रिक्षात बसवलं. हो, मनोहरनंही. त्याचे ओठ घट्ट मिटलेले होते, पण त्यानं हात लावला. येनूबाई रिक्षापाशी गेल्या. पदराला हात पुसत त्यांनी विचारलं, "तुमचा त केव्हाचाच बंद होता. मंग माही विहीर आता चांगली हाय न, भाऊ?"

काकांनी मान उचलून लेआउटकडे पाहिलं. घरामागून घरं, प्रत्येक घराला संडासाचा पाइप, प्रत्येक फाटकाशी विहीर. त्यात माझंही घर होतंच.

"नाही, येनूबाई," ते म्हणाले. "पोरीले उकडून देत जा. कुलूप लावणारा मी येकटाच होतो."

येनूबाईंनी त्यांचा बाहेर लोंबणारा उजवा हात उचलला, त्यांच्या मांडीवर नीट ठेवला, आणि गुड्डीला घेऊन घरात गेल्या.