अठरा इंचांचा बाक

“बस. हां. आता हात न टेकता उठून दाखव.”

“काका, बाक बसासाठी असते, उठासाठी नाई.”

नगरपरिषदेच्या बागेत नमुन्यादाखल सिमेंटचा एक बाक बसवला होता. त्यावर ठेकेदाराचा सुपरवायझर बसला होता आणि त्याच्यासमोर गळ्यात टेप अडकवलेले मधुकाका उभे होते. मी चालायला आले होते. ओळखीचं माणूस दिसलं की मी सहसा रस्ता बदलते, पण त्या दिवशी कडुनिंबाआड थांबून ऐकत राहिले. सुपरवायझर उठला, पण गुडघ्यावर हात टेकूनच.

“पाहा! तिशीचा पोट्टा तू. मंग म्हाताऱ्या बाईनं काय करावं?”

मधुकाका आमच्या समोरच्या घरात राहतात. चाळीस वर्षं त्यांनी लेडीज टेलरचं दुकान चालवलं. दुकान बंद झालं, पण टेप काही गळ्यातून उतरली नाही. आता ते गावाचं माप घेतात. अकोला आणि अमरावतीच्या मधलं आमचं हे तालुक्याचं गाव त्यांच्या मते मुळातच फिटिंगला बिघडलेलं आहे. बागेतली घसरगुंडी ‘खाली आखूड’ आहे, पोहण्याच्या तलावाची शिडी ‘वर कापली’ आहे, वाचनालयाच्या पायऱ्यांना ‘लूज ठेवलंच नाई’. गावात काहीही नवं उभं राहिलं की त्यांचा एकच प्रश्न असतो, “ट्रायल घेतली काय?”

खुल्या व्यायामशाळेच्या उद्घाटनाला त्यांनी हे थेट नगराध्यक्षांना विचारलं. अध्यक्ष कडक इस्त्रीच्या कुर्त्यात पाय झुलवायच्या यंत्रावर चढले, आणि ते थांबवायचं कसं हे त्यांना कळेना. शेवटी दोघांनी धरून उतरवलं. “म्हून ट्रायल आधी घ्या लागते,” असं म्हणून काका पुढच्या यंत्राकडे वळलेसुद्धा.

एका जागी ते पाच मिनिटं थांबत नाहीत. बाकावर बसतात तेही उठून पाहण्यासाठी. बसले, उठले, टेप लावली, परत बसले. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, यांना मुंग्या चावून राहिल्या.

बागेच्या नूतनीकरणावर हरकती मागवल्याची नोटीस फाटकावर लागली, तेव्हा ते आमच्याकडे आले, कारण गल्लीत प्रिंटर आमच्याकडेच आहे. नव्या आराखड्यात रंगीत कारंजं होतं, सेल्फी पॉइंट होता, आणि त्या नमुन्यासारखेच चोवीस बाक होते. ठेंगणे, पाठ नाही, हात नाहीत. हरकतींवर सुनावणी झाली की हे बाक बनवायला दिले जाणार होते.

“कापड उसवता येते. सिमेंट उसवता येत नाई,” काका येरझाऱ्या घालत म्हणाले. “तू त इंग्लिश मीडियमची. तुले मराठी टाईप येते काय?”

“येतं, काका.”

“मंग लिही. उंची अठरा इंच. पाठ सोळा. हात दोनी बाजूनं. शिलाई पक्की... नाई, ते नको लिहू.”

अठराच का, असं विचारायचं माझ्या मनात आलं. पण मी टाईप करत राहिले.

दुसऱ्या दिवशी मी प्रिंट द्यायला त्यांच्या घरी गेले. काकूंना अर्धांगवायू झाल्यापासून मी त्यांना बाहेर पाहिलंच नव्हतं. त्या एका लाकडी हातांच्या खुर्चीत बसल्या होत्या. खुर्चीच्या चारही पायांखाली विटा होत्या, आणि प्रत्येक विटेला उरलेल्या कापडाची खोळ, काठ दुमडून नीट शिवलेली.

मला पाहून त्या उठायला लागल्या. हात द्यायला मी पुढे झाले, तर काकांनी मानेनंच नको म्हटलं आणि ते आमच्याकडे पाठ करून खिडकीशी उभे राहिले. बाहेर पाहण्यासारखं काही नव्हतं, शेजारच्यांची भिंत होती. काकूंनी खुर्चीच्या हातांवर जोर दिला. जमलं नाही. पुन्हा दिला. दर वेळी काकांचे खांदे थोडे वर होत होते. तिसऱ्यांदा त्या उभ्या राहिल्या, चपलेचा आवाज झाला, तेव्हा कुठे काका वळले.

“अरे, उठली काय? मले समजलंच नाई!”

“कोनी बगलेत हात घालून उचललं का मले कसंसंच होते वं,” काकू मला म्हणाल्या. “चार लोकाईत त नकोच. म्हून मी कुठी जातच नाई. हे म्हनतात, बागेत नेतो.”

निघताना मी ती खुर्ची पुन्हा पाहिली. मोजायची गरज नव्हती. काका दारापर्यंत आले आणि हळू आवाजात म्हणाले, “तिचं नाव कुठी येऊ देऊ नको, पोरी.”

सुनावणी नगरपरिषदेच्या दुसऱ्या मजल्यावर होती. मी फक्त कागद धरायला गेले होते, मागच्या भिंतीला टेकून उभी होते. सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी काकांचा अर्ज मोठ्यानं वाचला.

“उंची अठरा, पाठ सोळा... काका, हा बाक आहे का ब्लाऊज?”

हॉल हसला. काकाही हसले. मग म्हणाले, “ट्रायल घेतली काय, साहेब?”

“घेतली. आम्ही सगळे बसून आलो. कोणाचीच तक्रार नाही.” साहेबांनी घड्याळ पाहिलं. “असं करा, त्या बाकावरून उठता येत नाही असा एक माणूस मला दाखवा. लगेच बाक बदलतो. आहे का इथं कोणी?”

लोक एकमेकांकडे पाहू लागले. काकांनी टेप बोटाला गुंडाळली, सोडली, परत गुंडाळली. एक नाव घेतलं असतं तर काम झालं असतं. त्यांना इतका वेळ एका जागी उभं राहिलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते.

“नाही ना? चला, पुढचा अर्ज,” म्हणून साहेबांनी पान उलटलं.

माझा हात कधी वर गेला मलाच कळलं नाही. सगळ्या माना मागे वळल्या.

“सर,” मी म्हणाले, “तो माणूस इथं येईल कसा? फाटकापासून या हॉलपर्यंत दोन जिने आहेत, आणि मध्ये बसायला कुठंच जागा नाही.”